पाकिटावर सहा महिने, संगमेश्वरात साडेतीन

पहिल्या पावसाळ्यात वयनींनी रोपाच्या पिशवीतली माती बोटाने उकरली आणि झटकन हात मागे घेतला. "बाय, गोगलगायीनं अंडी घातलीन की हो!" श्रावणातले दिवस, गोगलगायींनी आधीच वात आणलेला. त्यांनी पाच-सहा मणी वेचून पायरीच्या चिऱ्यावर ठेवले आणि दगडाने ठेचले. आतून पांढरी खरखरीत साखर निघाली. ती 'अंडी' मला किलोला साडेचारशे रुपयांना पडली होती. तेव्हापासून आमच्याकडे या खताचं नाव साबुदाणा.

घरामागच्या दहा-बारा गुंठ्यांत माझी रोपवाटिका आहे. वर्षाला चार हजारांच्या आसपास पिशव्या होतात. आंबा-काजूची कलमं मी करत नाही, ती करणारे आमच्याकडे वाडीवाडीत आहेत. माझ्याकडे रातांबा (कोकम), सुरंगी, ऐन, किंजळ, जांभूळ, करंज, बकुळ, उंडी असली रानातली आणि परड्यातली झाडं. कामाला मी आणि शेजारच्या वाडीतल्या दोघी. त्यातल्या थोरलीला मी वयनी म्हणते. ऑगस्ट २०२३ पासून तीनदा हे सावकाश सुटणारं खत मागवलं. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. झालेल्या घोटाळ्यांतले निम्मे माझे होते, उरलेले ज्याच्याकडून घेतलं त्या विक्रेत्याचे, आणि या जातीचा माल कुणाचाही असला तरी त्याची चाल साधारण एकच असते.

चाल अशी. खताच्या दाण्याभोवती राळेसारख्या पॉलिमरचं पातळ कवच असतं. मातीतला ओलावा त्यातून आत शिरतो, आतलं खत विरघळतं, दाब वाढतो आणि ते पाणी कवचातून थोडं थोडं बाहेर झिरपत राहतं. अमेरिकेत १९६० च्या दशकात हा माल निघाला. ऑस्मोकोट हे नाव तेव्हाचं. आपल्याकडे 'हळूहळू लागू पडणारं खत' म्हटलं की निंबोळी लेपाचा युरिया आठवतो, पण त्याची गोष्ट निराळी. तो पाण्यात लगेच विरघळतोच, फक्त पुढे मातीत त्याचं रूपांतर जरा रेंगाळतं. पिशवीतल्या रोपाला त्याचा भरवसा नाही.

कोकणातल्या माणसाला मुळात ही कल्पना नवी नाही. भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीत चार चुडांच्या, म्हणजे रोपांच्या झुपक्यांच्या, मधोमध युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची गोळी चिखलात खोल दाबतात, तिचंही हेच काम. मग गोळीच का नको, असं मलाही वाटलं होतं. एका वर्षी ऐनाच्या वीस पिशव्यांत अर्धी अर्धी गोळी पुरून पाहिली. शेतात त्या गोळीला चारही बाजूंनी चिखल असतो, इथे सगळी मिळून ओंजळभर माती. पंधरवड्यात सतरा रोपांची पानं कडेने करपली. त्या दिवशी कळलं की भाताचं शहाणपण पिशवीत चालत नाही.

आता हे खत मुळात घ्यावंसं का वाटलं, तर पावसामुळे. आधी मी पिशवी भरताना शेणखत घालायचे आणि पुढे दर पंधरा दिवसांनी १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं विद्राव्य खत) पाण्यातून, लिटरला तीन ग्रॅम. उन्हाळ्यात ते झकास चालतं. जुलैमध्ये सकाळी झारीने घालावं आणि दुपारी सर आली की ते पिशवीच्या भोकांतून खाली, तिथून पाटात आणि पाटातून पऱ्याला. मांडवाखालच्या जमिनीवर, पिशव्यांच्या रांगांमधून, हिरवंगार शेवाळ माजायचं. रोपं पिवळी, शेवाळ हिरवं! आठ आठ दिवस उघडीप नसली की खत घालायचंच राहून जायचं. आमची तांबडी माती, त्यात निचऱ्यासाठी तूस आणि भुसभुशीत केलेला काथ्या. खत धरून ठेवायला त्यात काहीच नाही.

मण्यांचा खरा गुण इथे दिसतो. कवचातून किती खत सुटणार हे मुख्यतः उष्णतेवर ठरतं. माती ओलसर असली की पुरे. वरून एक इंच पाऊस पडो की दहा, मणी काही भराभर रिकामा होत नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये मी दोन किलो आणलं आणि जवळजवळ आठशे पिशव्यांना घातलं. बाजूच्या तेवढ्याच पिशव्या जुन्या पद्धतीने ठेवल्या. गणेशचतुर्थीला मुंबईहून आलेल्या जावेने काही न सांगता बोट दाखवून विचारलं, "या ओळी वेगळ्या का गं?" जांभळाची मणीवाली रोपं काळपट हिरवी, बाजूची फिक्कट. औषधाच्या जाहिरातीसारखं वाटेल, पण तेवढा फरक होता खरा.

माप कसं घ्यायचं हा पहिला घोळ. पाकिटावर प्रमाण घनमीटरला किलोमध्ये दिलेलं. घनमीटर कोण मोजतं? माझी पिशवी पाच बाय आठ इंचांची. भरल्यावर ती आठ सेंटिमीटर व्यासाचा नळा होते, साडेसतरा सेंटिमीटर उंच, म्हणजे लिटरला थोडी कमी. घनमीटरला तीन किलो म्हणजेच लिटरला तीन ग्रॅम. खोकल्याच्या औषधावर येतं ते मापाचं झाकण घेतलं. त्यातली अडीच मिलीची रेघ म्हणजे या मण्यांचे जवळपास अडीच ग्रॅम, वजनकाट्यावर तपासून घेतलं. दोघींच्या हातात एकेक झाकण दिलं. तरी वयनींचं माप सढळ. आमच्याकडे वाढायची सवय तशी!

आता मथळ्यातला मुद्दा. पाकिटावर ५-६ महिने असं छापलेलं होतं. मी दर महिन्याला दोन पिशव्या बळी द्यायचे: फोडायच्या, वीस मणी वेचायचे, नखाने दाबायचे. ताजा मणी टणक लागतो, फुटला की खडा निघतो. रिकामा झालेला मऊ असतो, दाबला की नुसतं पाणी उडतं. त्याला वयनींचा शब्द 'भिजला'. ऑगस्टच्या मध्यावर घातलेले मणी सप्टेंबरात बहुतेक टणक, ऑक्टोबरच्या अखेरीला निम्मे भिजलेले आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात वीसपैकी सोळा भिजलेले. जेमतेम साडेतीन महिने झाले तर गोदाम रिकामं! मी तणतणले. मुलाला पुण्याला फोन केला, फसवलंय आपल्याला, पैसे परत माग म्हणून. त्याने शांतपणे पाकिटाचा फोटो मागवला आणि मोठा करून परत पाठवला. तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलेलं: २१ अंश सेल्सिअसला.

एकवीस अंश! आमच्याकडे पौषातल्या पहाटे असेल. दिवस-रात्रीची सरासरी धरली तर वर्षभर सत्तावीसच्या आसपास, आणि काळी पिशवी उन्हात असली की आतली माती त्याहून कितीतरी तापते. पुढच्या एप्रिलमध्ये दुपारी तीन वाजता पिशवीत तापमापक खुपसून पाहिला. जाळीखाली ३६, आणि कडेच्या ज्या ओळीवर ऊन येतं तिथे ४३. उष्णता वाढली की हे मणी भराभर सुटतात, त्यामुळे थंड देशातला सहा महिन्यांचा माल इथे साडेतीन-चार महिन्यांचा होतो. ही लबाडी नव्हे, पण ती ओळ मराठीत आणि मोठ्या अक्षरांत छापायला काय हरकत होती? काही जपानी मालावर महिने २५ अंशाला धरून दिलेले असतात, ते आपल्याला जरा जवळचे. घेताना आकड्याबरोबर अंशही वाचा.

ही गोष्ट मी आधी खोट म्हणून लिहून ठेवली होती. दुसऱ्या वर्षी कळलं की फेब्रुवारीपर्यंत मणी रिकामे होणं हे बऱ्याच झाडांसाठी बरंच असतं. पातळ खताचं एक असतं, नको असेल तेव्हा झारी खाली ठेवायची. मणी एकदा मातीत मिसळला की बाहेर काढता येत नाही. आपली रोपं जून-जुलैत लागायची असतात, म्हणजे एप्रिल-मेमध्ये त्यांना कणखर करायचं: जाळी काढायची, पाणी ताणायचं, खत बंद. नेमक्या त्याच दोन महिन्यांत उष्णता सर्वांत जास्त, म्हणजे मणी सर्वांत जोरात सुटणार. २०२४ च्या जानेवारीत मी हौसेने जांभळाच्या दीडशे पिशव्यांना दुसरा हप्ता दिला. मे महिन्यात ती रोपं कमरेला लागली, शेंडे कोवळे, पानं लुसलुशीत. उंची बघून घेणाऱ्या गिऱ्हाइकाने ती आनंदाने उचलली, जास्त पैसे देऊन. त्यांतली चाळीस जवळच्याच एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, लागली होती. दिवाळीनंतर मी मुद्दाम जाऊन पाहिली. ऑक्टोबरच्या उन्हाने निम्मी अधिक वाळली होती. शेजारी माझीच, दुसरा हप्ता न दिलेली, गुडघ्याएवढी बुटकी रोपं बहुतेक जगलेली. बुंध्याची जाडी व्हर्निअरने मोजली तर दोन्हींत मिलिमीटरचाही फरक नव्हता, उंची मात्र दीडपट. वरचा पसारा पोसायला खाली मुळंच नव्हती. त्या माणसाला मी पुढच्या पावसात रोपं फुकट दिली. कातळावर लावायचं रोप असेल तर जानेवारीनंतर एकही मणी नाही, हे तेव्हापासून.

सर्वांत मोठा मार खाल्ला तो मात्र त्याच मे महिन्यात, आणि पूर्ण चूक माझी. पहिल्या वर्षीच्या यशाने हुरळून दहा किलो मागवलं. पावसाआधी मिश्रण तयार असावं म्हणून शेजारी स्लॅबचं काम चाललं होतं तिथलं काँक्रीट मिक्सर संध्याकाळी उसनं आणलं. माती, वाळू, शेणखत, मणी, सगळं एकदम टाकून गरागरा फिरवलं. वाळूने मण्यांची कवचं खरवडली गेली असणार. वर धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं, ढीग केला, ताडपत्री झाकली आणि लग्नसराईत तीन आठवडे विसरले. ओलावा आणि उष्णता, मण्याला आणखी काय हवं? ढिगातच खत सुटत राहिलं. त्या मातीत रातांब्याची कोवळी रोपं लावली आणि आठ दिवसांत पानांची टोकं तपकिरी. मुलाने पाठवलेल्या ईसी मीटरने (पाण्यात क्षार किती ते दाखवणारं यंत्र) पिशवीखाली झिरपलेलं पाणी मोजलं तर ४ च्या वर. कोवळ्या रोपांना १ ते २ च्या आत असावं लागतं. मग दोन दिवस पिशव्यांतून नुसतं पाणी सोडत बसले. साडेतीनशेपैकी एकशे दहा रोपं गेली. रातांब्याचं बी पुन्हा मिळायला पुढचा उन्हाळा उजाडावा लागतो, ते सुकवून साठवता येत नाही.

म्हणून आता मिश्रणात मणी घालतच नाही. पिशवी भरून, रोप लावून, ते तगलं की पेन्सिलीएवढ्या काठीने बुंध्यापासून दोन बोटं लांब भोक पाडायचं, दीड-दोन इंच खोल, त्यात झाकणातले मणी सोडायचे आणि माती ढकलायची. वेळ जातो, पण कुठल्या पिशवीत किती गेलं हे नक्की कळतं. नुसते वर भुरभुरवू नका. मांडवाच्या कडेला पागोळ्यांखाली दोन ओळी होत्या, त्यांतले मणी पहिल्याच मोठ्या सरीला तरंगत पाटात गेले. राहिलेल्यांवर कोंबड्या.

कुठल्या झाडाला द्यावं, यावर माझं मत आता बरंच ठाम झालंय. सुरंगी आणि रातांबा यांच्यासाठी हे खत देवासारखं. ही मुळात रेंगाळणारी जात, पिशवीत वर्ष-दीड वर्ष काढते. तेवढा काळ दर पंधरवड्याला आठवण ठेवून खत घालणं माझ्याच्याने होत नाही. रातांब्यात कलमाला लागणारी पेन्सिलीएवढी जाडी मण्यांवर यंदा अडीच-तीन महिने आधी आली, हे माझ्या वहीत आहे. बकुळीलाही मानवतं. जांभळाला निम्मं पुरे, ते असंही दांडगं. ऐन-किंजळाला निम्मं.

करंजाला एक मणीसुद्धा नको. करंज शेंगवर्गी, मुळांवरच्या गाठींतून स्वतःचं नत्र स्वतः मिळवणारा. दोन्हीकडची दहा-दहा रोपं धुऊन पाहिली. बिनखताच्या मुळांवर गाठीच गाठी, चिरल्या की आत गुलाबी. मण्यांवरच्या मुळांवर तुरळक, त्याही पांढुरक्या. आयतं मिळालं की कशाला राबेल? शिरीष, खैर, शिसव यांनाही हाच न्याय. आणि स्फुरद भरमसाट असलेला माल कुठल्याच रानझाडाला नको, मुळांशी राहणारी उपकारक बुरशी त्याने मागे हटते. पाकिटावरच्या तीन आकड्यांतला मधला सर्वांत लहान असलेला बघून घ्या.

पैशाचं सांगायचं तर अडीच ग्रॅमला एक रुपया बारा पैसे. चार हजार पिशव्यांना दहा किलो, साडेचार हजार रुपये. तेवढ्याच पिशव्यांना विद्राव्य खताच्या दहा फेऱ्या केल्या तर खत आणि अर्ध्या अर्ध्या दिवसाची मजुरी मिळून मला तीन हजारांच्या आत पडतं. म्हणजे नुसत्या रुपयांत मणी महागच. फरक पावसाळ्यात पडतो, कारण तेव्हा त्या दहातल्या चार-पाच फेऱ्या वाहूनच जातात. देशावर, कमी पावसाच्या भागात, हाताशी माणसं असतील तर मी हे घ्या म्हणून आग्रह करणार नाही. आणि शेणखताला हा पर्याय नव्हे. शेणखत मातीसाठी, मणी रोपासाठी.

विक्रेत्याबद्दल दोन शब्द, नाव न घेता. दुसरी ऑर्डर आली ती मोठ्या गोणीतून सुटं काढून साध्या पांढऱ्या पिशवीत बांधलेली. किती महिन्यांचा माल, कधीचा, काही नाही. वर हाताने लिहिलेलं 'स्लो रिलीज'. तळाशी वाटीभर भुगा, म्हणजे फुटलेले मणी, आणि काही मणी एकमेकांना चिकटून ढेकूळ झालेले. फुटका मणी म्हणजे साधं खतच, तो रोपाला एकदम लागतो. तक्रार केली तर "सगळ्यांना असंच जातं मॅडम" हे उत्तर. तो भुगा मी नारळाला घातला. तिसऱ्या वेळी बंद पाकीट, महिन्यांचा आकडा आणि तारीख यांचा फोटो मागवल्याशिवाय पैसे पाठवले नाहीत. चाळणीने चाळलं तर किलोत चिमूटभर भुगा निघाला, तेवढं चालतं.

एक गोष्ट खटकते ती खटकतेच. खत संपतं, कवच राहतं. दोन वर्षांपूर्वीच्या जुन्या मातीत अजून ती पोकळ टरफलं सापडतात, पारदर्शक, माशाच्या खवल्यासारखी. रोप रानात गेलं की तीही रानात जाणार. युरोपीय संघाने २०१९ च्या खत-नियमात अशी कवचं कुजणारी असावीत अशी अट घातली. आपल्याकडच्या दुकानात अजून याबद्दल विचारलं की समोरचा माणूस आपल्याकडेच बघतो. काळ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरणाऱ्या बाईने हे बोलावं का, असं कुणी म्हणेल. पण पिशवी मी परत मागून घेते; टरफलं कशी मागणार?

पाचपैकी साडेतीन गुण. सुरंगी-रातांब्यापुरते साडेचार, करंजाला शून्य. यंदा सात किलो सांगितलंय. तीन किलो ८-९ महिन्यांचं, म्हणजे माझ्या हिशेबाने पाच-साडेपाच, सुरंगीच्या दोन वर्षं राहणाऱ्या रोपांना. उरलेलं ५-६ चं, ऑगस्टात घालून डिसेंबरात संपवायला. पाकीट अजून आलेलं नाही. वयनींनी मात्र जुन्या पिशव्यांतले मणी नखाने दाबून बघायला सुरुवात केली आहे, आणि आज सकाळी कुंपणापलीकडूनच ओरडून सांगितलं, उंडीच्या ओळीतले सगळे भिजले म्हणून.